ॲटलास : पेलणारा आणि पुसणारा

शालेय ॲटलासमध्ये छत्तीसगढच्या पानावर रुआबांधा शोधायला गेलात तर सापडणार नाही. भिलाई सापडेल, पोलाद कारखान्याच्या खुणेसकट सापडेल. दुर्ग सापडेल, रायपूर तर ठळक अक्षरात. रुआबांधा हा भिलाईचा दक्षिणेकडचा भाग. आधी गाव, मग त्याच नावाचा टाऊनशिपमधला सेक्टर. भिलाईतले सेक्टर एक ते दहा आकड्यांनी ओळखले जातात, पण रुआबांधा, रिसाली, मरोदा यांनी आपली गावाची नावं सोडली नाहीत. छत्तीसगढीत बांधा म्हणजे बांध घालून अडवलेलं तळं, त्यामुळे मराठी कानाला या नावाचा निम्मा अर्थ न विचारताच लागतो.

पुढची पानं मात्र रुआबांध्याबद्दल नाहीत. ती ॲटलास या शब्दाबद्दल आहेत : तो कुठून आला, कोणाकोणाच्या तोंडी बसला आणि फिरता फिरता किती वस्तूंना आपलं नाव देऊन गेला. एका शब्दावर अख्खं पुस्तक कशाला, असं विचारणारे घरातच आहेत. त्यांना माझं उत्तर असं की हा एक शब्द नव्हेच, दोन आहेत. एक ग्रीक, एक अरबी. एकाच्या मुळाशी पेलणं आहे आणि दुसऱ्याच्या मुळाशी पुसणं. या दोघांची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. पण नकाशांच्या वहीत ही दोन्ही कामं एकाच पानावर चालतात, आणि ते ज्याला पाहायचं असेल त्याला भिलाईसारखी जागा नाही.

आधी ग्रीक शब्द. ॲटलास हा टायटन, म्हणजे झ्यूस वगैरे देवांच्या आधीच्या पिढीतला. इयापेटसचा मुलगा, प्रोमिथियसचा भाऊ. टायटन आणि ऑलिंपसचे देव यांच्या लढाईत टायटन हरले आणि झ्यूसने ॲटलासला शिक्षा दिली : जगाच्या पश्चिम टोकाला उभं राहून आकाश पेलायचं. ग्रीक कवी हेसिअडच्या काव्यात तो असाच उभा आहे. त्याच्या डोक्यावर आकाश आहे, पृथ्वी नाही. ती त्याच्या पायाखाली आहे. नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयातला ‘फार्नेझी ॲटलास’ हा दोन मीटरहून उंच संगमरवरी पुतळा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला मानतात. त्याच्या खांद्यावरच्या गोलावर नक्षत्रांच्या आकृती कोरल्या आहेत, देश किंवा समुद्र एकही नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरसमोर १९३७ मध्ये बसवलेल्या पुतळ्यानेही आकाशाच्या वर्तुळांचा सांगाडाच उचलला आहे. तरीही ‘पृथ्वी उचललेला ॲटलास’ हीच समजूत घट्ट बसली. गोल दिसला की तो पृथ्वीचाच, असं डोळे ठरवून टाकतात. शेषाच्या फण्यावरची पृथ्वी ऐकत वाढलेल्या मराठी मुलाला तर ही गफलत अधिकच सोपी.

या टायटनचा गोतावळा आपल्याला परका नाही. त्याच्या सात मुली म्हणजे प्लायाडीज, आपल्या कृत्तिका. आपण त्यांना कार्तिकेयाच्या आया केलं, ग्रीकांनी ॲटलासच्या लेकी. त्या पुंजक्यात आजही ॲटलास नावाचा एक तारा आहे. बाप लेकींच्या शेजारीच उभा. वायव्य आफ्रिकेतल्या डोंगररांगेला त्याचं नाव मिळालं आणि त्या डोंगरांपलीकडचा समुद्र अटलांटिक झाला. हिरोडोटसच्या लेखनात, म्हणजे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातच, डोंगर आणि समुद्र दोन्ही या नावाने आलेले आहेत.

नावाच्या व्युत्पत्तीबद्दल पंडितांचं एकमत नाही. एक मत असं, की ग्रीकांनी ते आधीच्या कुठल्या तरी भाषेतून उचललं. काही जण उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर भाषांकडे बोट दाखवतात, तिथे ‘अद्रार’ म्हणजे डोंगर. जुनं मत असं, की त्यात वाहणं, सोसणं या अर्थाचा ग्रीक धातू आहे, आणि संस्कृतातला ‘तुल्’ हा त्याचाच भाऊबंद. हे दुसरं मत खरं असेल तर ॲटलासचे नातेवाईक आपल्या घरात आहेत : तोल, तोलणं, तोळा, तूळ रास आणि छपराचं ओझं घेणारी तुळई. माझा कल कुठे आहे हे वाचकाच्या लक्षात आलंच असेल. तुळईवर बेतलेला निकाल निःपक्षपाती असेल अशी हमी मी देत नाही.

नकाशांच्या वहीला हे नाव दिलं गेरार्ड मर्केटरने. तो १५१२ मध्ये फ्लँडर्समधल्या रूपेलमोंड इथे जन्मला. १५४४ मध्ये धर्मद्रोहाच्या संशयावरून सात महिने तुरुंगात होता, आणि पुढे जर्मनीतल्या ड्यूसबर्गला जाऊन राहिला. नकाशे एकत्र बांधून पुस्तक करणं ही त्याची कल्पना नव्हे. त्याचा मित्र अब्राहम ऑर्टेलियस याने १५७० मध्येच अँटवर्पला असा संग्रह काढला होता आणि त्याचं नाव ठेवलं होतं ‘जगाचं नाट्यगृह’. ते नाव टिकलं असतं तर आपल्या मुलांनी दप्तरातून थिएटर नेलं असतं. मर्केटरचा ग्रंथ तो गेल्यावर, १५९५ मध्ये, मुलाने प्रसिद्ध केला, आणि त्याच्या शीर्षकात पहिला शब्द होता ॲटलास.

गंमत अशी की मर्केटरच्या मनात शिक्षा भोगणारा टायटन नव्हता. त्याने प्रस्तावनेत सांगितलेला ॲटलास हा मॉरेटानियाचा एक राजा, तत्त्वज्ञ, गणिती आणि ज्योतिषी, ज्याने खगोलाचा पहिला गोल बनवला अशी आख्यायिका. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर तो बसलेला आहे, हातात गोल घेऊन मोजतो आहे. म्हणजे हे नाव ठेवणाऱ्याला पाठीवर ओझं घेतलेला माणूस नको होता, गुडघ्यावर जग घेऊन विचार करणारा हवा होता. पुढे होंडियस या नकाशाकाराने मर्केटरच्या तांब्याच्या पाट्या विकत घेतल्या, १६०६ मध्ये ॲमस्टरडॅमला नवी आवृत्ती काढली, आणि तिच्या खपाबरोबर नाव युरोपभर पसरलं. चित्रकारांना मात्र वाकलेला, घामाघूम टायटनच आवडला. तत्त्वज्ञ राजा मागे पडला.

मर्केटरचंच दुसरं देणं म्हणजे १५६९ चं नकाशाचं प्रक्षेपण, दर्यावर्दी लोकांच्या सोयीसाठी केलेलं. त्यात दिशा अचूक राहते आणि आकारमान बिघडतं. ध्रुवांकडे जावं तसं जास्त. म्हणून त्या नकाशात ग्रीनलंड भारताहून कितीतरी मोठं दिसतं. प्रत्यक्षात भारत सुमारे ३३ लाख चौरस किलोमीटर आणि ग्रीनलंड २२ लाखांच्या आत. आपल्या मोबाइलमधले नकाशे आजही बहुतेक याच प्रक्षेपणावर चालतात.

आता दुसरा शब्द. जुन्या मराठीत किनखाब, मखमल यांच्या रांगेत एक कापड येतं, अतलस. गुळगुळीत, चकाकणारं रेशमी कापड, ज्याला आज आपण साटन म्हणतो. हा शब्द अरबी, फारसीच्या वाटेने आलेला. त्याच्या धातूचा अर्थ आहे पुसून टाकणं, लिहिलेलं घासून सपाट करणं. जिच्यावर खूण उरली नाही ती पाटी, ज्याच्यावर वेलबुट्टी नाही ते वस्त्र. जर्मन भाषेतही साटनला ॲटलासच म्हणतात, आणि मध्य आशियात उझबेक, उइगुर बायकांच्या रंगीत रेशमाला अजून हेच नाव आहे. तिथे ते कापड अंगभर नक्षीचं असतं ही गोष्ट वेगळी.

या शब्दाची सर्वांत सुंदर जागा मात्र कापडाच्या दुकानात नाही, मध्ययुगीन अरबी-फारसी ज्योतिषात आहे. त्या विश्वरचनेत ग्रहांची आवरणं एकाबाहेर एक, त्यांच्याबाहेर ताऱ्यांचं, आणि त्याही पलीकडे सगळ्यांना फिरवणारं नववं आवरण, जिथे एकही तारा नाही. त्याचं नाव फलक-ए-अतलस, कोरं आकाश. ग्रीक ॲटलासच्या खांद्यावर नक्षत्रांनी गच्च भरलेलं आकाश आणि अरबी अतलस म्हणजे नक्षत्रच नसलेलं आकाश. दोन्ही नावं आता अरबीत एकाच अक्षरांनी लिहितात : नकाशांचं पुस्तक आणि पुसलेला पृष्ठभाग. इतका नेमका योगायोग कोणी रचून सांगितला असता तर मी विश्वास ठेवला नसता.

पुस्तकाचा मधला आणि सर्वांत लांब भाग हिंदुस्थानच्या ॲटलासबद्दल आहे. इंग्रज मोजणीदार जेम्स रेनेलचा बंगालचा ॲटलास १७८० च्या सुमारास निघाला. त्याच्या हिंदुस्थानच्या नकाशात किनारे आणि गंगेचं खोरं भरगच्च होतं, मधला जंगल-पठाराचा भाग विरळ. तो विरळ भाग म्हणजे बऱ्याच अंशी नागपूरकर भोसल्यांचा मुलूख. त्यांचा सरदार भास्करपंत १७४१ मध्ये छत्तीसगढात फौज घेऊन आला, १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहू लागले. इथे गावं होती, वसुली होती, हिशेब मोडीत लिहिले जात होते. कोऱ्या होत्या त्या इंग्रजांच्या नकाशातल्या जागा. त्या भरायला १७९५ मध्ये कॅप्टन ब्लंट चुनारहून निघाला आणि रतनपूरवरून गेला. ज्या मुलखाची जमाबंदी मराठी दप्तरात होती, तो लंडनच्या टेबलावर ‘अज्ञात’ ठरत होता. कोरेपणा जमिनीवर नसतो, नकाशा काढणाऱ्याच्या माहितीत असतो, हे इतक्या ढळढळीतपणे दाखवणारं दुसरं उदाहरण मला सापडलं नाही.

मग विल्यम लॅम्बटन. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ त्याने त्रिकोणमितीच्या महासर्वेक्षणाची पहिली आधाररेषा मोजायला घेतली. त्याचं मोठं थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचं होतं. ते माणसांनी उचलायचं, डोंगरावर चढवायचं, देवळाच्या शिखरावर न्यायचं. १८०८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वराच्या शिखरावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. तंजावरच्या गादीवर तेव्हा सरफोजी राजे होते, आणि त्याच मंदिराच्या आवारात १८०३ मध्ये त्यांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत दगडावर कोरवून घेतला होता. एका आवारात पाच वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन गोष्टी. एका बाजूला राज्य गेलेला राजा आपला वंश दगडात राखतो आहे, दुसऱ्या बाजूला ज्यांनी राज्य घेतलं ते त्याच्या देवळावरून मुलूख मोजताहेत. लॅम्बटनने मोडकं यंत्र स्वतः खपून दुरुस्त केलं आणि मोजणी पुढे नेली. जानेवारी १८२३ मध्ये, तळ नागपूरला हलवण्याच्या वाटेवर, तो वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. १८२७ पासून चार मैलांना एक इंच या प्रमाणावर हिंदुस्थानच्या ॲटलासचे ताव छापले जाऊ लागले, ते याच मोजणीच्या पायावर.

लॅम्बटनचं नाव आपल्याला माहीत आहे, त्याच्यानंतरच्या एव्हरेस्टचं तर शिखराला लागलं. अर्ध्या टनाचं यंत्र ज्यांनी वाहिलं, जंगलात तापाने जे गेले, त्या खलाशांची आणि भोयांची नावं कुठल्याही तावाच्या कोपऱ्यात नाहीत. ॲटलास या शब्दाचा मूळ अर्थ धरला तर तो मान त्यांचा आहे. स्वतंत्र भारताचा पहिला राष्ट्रीय ॲटलास १९५७ मध्ये कोलकात्याहून, प्रा. शि. प्र. चटर्जी यांच्या देखरेखीखाली निघाला, आणि तो हिंदीत निघाला ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

बाकीचे अर्थ मी पुस्तकात भरभर घेतले आहेत, इथे तर आणखी भरभर. मानेचा पहिला मणका ॲटलास, कारण तो डोक्याचा गोल पेलतो. आपण ‘हो’ म्हणून मान हलवतो ती त्याच्या आणि कवटीच्या सांध्यात. इमारतीत तुळईखाली पुरुषाकृती उभी केली की युरोपात तिला ॲटलास म्हणतात. आपल्याकडे हे काम हेमाडपंती देवळांच्या खांबांवरचे ढेरपोटे कीचक शतकानुशतकं करत आले आहेत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कष्टापेक्षा मिश्कीलपणाच जास्त असतो. गांधार शिल्पात खुद्द ग्रीक ॲटलास, पंख लावून, बौद्ध स्तूपांच्या पायथ्याशी बसला आहे. शनीचा एक छोटा चंद्र ॲटलास, जॉन ग्लेनला १९६२ मध्ये पृथ्वीभोवती फिरवणारा अग्निबाण ॲटलास, जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतला सात हजार टनांचा कणशोधक ॲटलास. जुलै २०२५ मध्ये सूर्यमालेबाहेरून आलेला जो धूमकेतू वर्तमानपत्रांत गाजला, त्यालाही हे नाव शोधणाऱ्या दुर्बिणींच्या जाळ्यावरून मिळालं. ही शेवटची दोन तर इंग्रजी आद्याक्षरं ओढूनताणून जुळवलेली नावं आहेत. शास्त्रज्ञांनाही टायटनचा मोह सुटत नाही.

ॲटलास पतंगावर मात्र थोडं थांबलो आहे. सह्याद्रीत पावसाळ्यात तो दिसला की दरवर्षी वर्तमानपत्रात फोटो येतो : वीतभर किंवा त्याहून मोठे तपकिरी-तांबूस पंख, त्यांची टोकं नागाच्या फण्यासारखी. पूर्ण वाढलेल्या पतंगाला खाण्यापुरतं तोंडच नसतं. अळी असताना साठवलेल्या शिदोरीवर काही दिवस जगायचं, अंडी घालायची आणि संपायचं. ज्या कुळातला हा पतंग, त्याच कुळातला आपला टसरचा किडा, ज्याचा कोसा छत्तीसगढात चांपा-कोरब्याला आणि विदर्भात भंडारा-गडचिरोलीला विणला जातो. ॲटलास पतंगाचा कोषही रेशमाचाच. ग्रीक नावाचा किडा आणि अरबी नावाचं कापड अशा रीतीने एका झाडाखाली येतात.

आणि सायकल. सोनिपतला १९५१ मध्ये सुरू झालेल्या ॲटलास कंपनीच्या सायकलींनी हे नाव अशा घरांत नेलं, जिथे नकाशाची वही कधी गेली नाही. कामगाराला, दूधवाल्याला, शाळामास्तरला ॲटलास म्हणजे सायकल. साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला, तोही जागतिक सायकल दिनी. भिलाईच्या पाळ्या बदलताना रस्ता भरून सायकली वाहायच्या, तेव्हा मागच्या कॅरिअरवर जे काही वाहून नेलं जायचं ते पाहता त्या सायकलीला दिलेलं नाव कमीत कमी खोटं नव्हतं.

सायकलीवरूनच एक ॲटलास तयार झाला आहे. फ्रान्सचा भाषिक ॲटलास करायचा म्हणून झ्यूल झिलिएरों याने एदमों एदमों नावाच्या तिखट कानाच्या माणसाला देशभर पाठवलं. तो १८९७ ते १९०१ या काळात सहाशेहून अधिक गावं फिरला, बराचसा सायकलवर, आणि एकेका वस्तूला कुठे काय म्हणतात ते टिपत गेला. मराठीचा असा ॲटलास काढला तर त्याच्या पूर्वेकडच्या पानावर काय होईल? ग्रिअर्सनने हिंदुस्थानच्या आपल्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ च्या सातव्या खंडात बस्तरची हलबी मराठीबरोबर घेतली. नंतरचे अभ्यासक तिला छत्तीसगढी, ओडिया आणि मराठी यांच्या सांध्यावर ठेवतात. सांध्यावरच्या भाषेला पान कोणतं द्यायचं? नकाशाला रेघ हवी असते, बोलणाऱ्याला नको असते.

ही सीमा आपण मराठी लोक फार पश्चिमेला ओढतो, अशी माझी तक्रार आहे. मराठी ज्ञानाचा पहिला मोठा ॲटलास म्हणावा असा तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश ज्यांनी उभारला, ते श्रीधर व्यंकटेश केतकर १८८४ मध्ये रायपूरला जन्मले, रुआबांध्यापासून फार तर तासाभराच्या वाटेवर. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे मराठी घरातले, हिंदीचे. पुण्या-मुंबईच्या वाङ्मयीन नकाशात या मुलखाची जागा रेनेलच्या नकाशाइतकीच विरळ असते.

भिलाईकडे परत येतो. २ फेब्रुवारी १९५५ ला सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी पहिली झोतभट्टी सुरू केली. अवघी चार वर्षं. दल्ली-राजहराचं लोहखनिज, नंदिनीचा चुनखडक, आणि इथून निघणारे रूळ, ज्यांच्यावर देशाची रेल्वे धावते. पेलण्याचा अर्थ पाहायचा तर तो इथे टनांत मोजता येतो. नागपूर, भंडारा, बालाघाटकडची मराठी कुटुंबंही याच कारखान्याच्या आधाराने इथे रुजली. आणि पुसण्याचा अर्थही इथेच आहे. कारखाना आणि टाऊनशिप अनेक गावांच्या जमिनीवर उभी राहिली. आराखड्यात शेतांच्या जागी चौकोन आले, चौकोनांना आकडे मिळाले. जुनी तळी, पार, पाणंदी, शिवारांची नावं कुठल्याही छापील ॲटलासमध्ये गेली नाहीत, कारण ॲटलासचा ताव ज्या प्रमाणावर छापतात त्यात ती मावतच नाहीत. यात कोणाचं कारस्थान शोधायची गरज नाही. एका इंचात चार मैल बसवायचे म्हटले की बहुतेक जग गाळावंच लागतं. प्रश्न फक्त एवढाच, की काय गाळायचं हे कोण ठरवतं आणि गाळलेलं कुठे तरी नोंदलं जातं का.

पुस्तकाची प्रकरणं क्रमाने वाचलीच पाहिजेत असं नाही; व्युत्पत्तीचा कंटाळा असेल त्याने सरळ लॅम्बटनपासून सुरुवात करावी. शेवटी चार पानं मुद्दाम कोरी सोडली आहेत. रुआबांधा, रिसाली, मरोदा आणि आसपासच्या गावांतल्या तळ्यांची, पारांची, शेतांची जुनी नावं ज्यांच्या घरात अजून बोलली जातात, त्यांनी ती तिथे लिहावीत, छत्तीसगढीत लिहावीत, आणि पुस्तक कोणाला दिलं तर त्या पानांसकट द्यावं.

रुआबांधा, भिलाई